पुसूनही न सुटलेली जागा

अप्पांना शस्त्रक्रियेसाठी आत नेलं आणि थोरलीचा फोन वाजला. ती काम करायची त्या ध्वनिमुद्रण स्टुडिओचे मालक होते.

"अगं, डिस्क फुल म्हणतंय. गिऱ्हाईक दारात उभं आहे. त्याला काय मी गाणं म्हणून दाखवू?"

"पाच मिनिटं द्या," म्हणत थोरलीने लॅपटॉप मांडीवर ओढला. बाकावर शेजारी बसलेल्या आईने एकदा लॅपटॉपकडे आणि एकदा लेकीकडे पाहिलं. त्या घरात बोलायचं खातं अप्पांकडे होतं.

अप्पा बस आगारातले उद्घोषक. कर्णा बिघडला तरी एकाही प्रवाशाची गाडी चुकायची नाही, असा गळा. लोक त्यांना भोंगा म्हणत आणि अप्पा ते पदकासारखं मिरवत. नेमका त्याच गळ्यात कर्करोग निघाला. स्वरयंत्र काढावं लागेल म्हटल्यावर अप्पांनी साफ नकार दिला. मेलो तरी बोलत मरेन, म्हणाले. मग डॉक्टरांनी सांगितलं की आधी पुरेसा आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवला तर पुढे टाइप केलेलं वाक्य यंत्र त्यांच्याच आवाजात म्हणेल. या एका गोष्टीवर अप्पा राजी झाले.

थोरली त्या स्टुडिओची सगळी यंत्रणा सांभाळायची. महिनाभर रोज संध्याकाळी तिने अप्पांना माइकसमोर बसवलं. डॉक्टरांनी दिलेली वाक्यं अप्पांना मिळमिळीत वाटायची. "हे असलं कोण बोलतं? त्यापेक्षा 'अगं, माझा चष्मा कुठाय' हे दहा वेळा घे. उरलेलं आयुष्य मला तेच लागणार आहे." ध्वनिमुद्रणाचा प्रोग्रॅम तिने एकदा उघडला तो बंद केलाच नाही. बंद केला की पुन्हा आवाजाची पातळी जुळवत बसा, हा त्या धंद्यातला जुनाच आळस. सेव्ह करायचं ते सगळं एकदम, शेवटी; तोवर ते प्रोग्रॅमच्या तात्पुरत्या फाइलीत साठत जायचं. शेवटच्या दिवशी एका वाक्याच्या मधेच अप्पांना खोकल्यातून रक्त आलं. त्यांना गाडीत घालून सगळे रुग्णालयात धावले आणि सेव्ह करायचं राहिलं. नंतरच्या धावपळीत ते राहिलंय हेही कुणाच्या डोक्यात राहिलं नाही.

लॅपटॉपवर आज्ञा टाइप करायचा काळा पडदा उघडला. स्टुडिओच्या मशीनशी जोडून घेऊन थोरलीने डीएफ टाइप केलं. ही आज्ञा डिस्कच्या प्रत्येक भागात किती जागा वापरली गेली ते सांगते. ध्वनिमुद्रणाचा भाग शंभर टक्के भरलेला दिसला. मग डीयू. ही आज्ञा एकेका फोल्डरमध्ये शिरून आतल्या फायली मोजते. तात्पुरत्या फायलींच्या फोल्डरमध्ये एकतीस जीबीची एक धूड फाइल सापडली. नाव प्रोग्रॅमनेच दिलेलं, नुसते आकडे. गेल्या महिन्यातल्या जाहिरातींचा उकिरडा असणार, असं धरून थोरलीने ती पुसली. आकडा बघून हात चालवायची तिला सवयच होती.

पुन्हा डीएफ केलं. अजूनही शंभर टक्के.

आता डीयूचा हिशेब एकतीसने उतरला होता आणि डीएफ जागचा हलत नव्हता. घरमालक म्हणतो सगळ्या खोल्या भरल्यात, झाडूवाली म्हणते एक रिकामी आहे. म्हणजे कुणीतरी आतून कडी घालून बसलेलं असतं. फाइलचं नाव पुसलं गेलं तरी एखादा चालू प्रोग्रॅम तिला धरून असेल, तर तो बंद होईपर्यंत फाइल डिस्कवर शाबूत राहते. कुणी धरली आहे ते पाहायला तिने आणखी एक आज्ञा दिली. ध्वनिमुद्रणाचा प्रोग्रॅम. महिन्यापूर्वी उघडलेला.

थोरली पडद्यावर वाकली. त्या एकतीस जीबीत जाहिराती नव्हत्या, अप्पा होते.

"काय गं?" आई म्हणाली.

"काही नाही. थांब जरा."

अजून काही गेलं नव्हतं. प्रोग्रॅम चालू होता तोवर अप्पांचा आवाज जिवंत होता, फक्त तो दुसरीकडे उतरवून घ्यायला हवा होता. तिने मशीनला जोडलेल्या सगळ्या डिस्क पडद्यावर मागवल्या. मुख्य डिस्कच्या दुसऱ्या भागात नऊ जीबी मोकळे, त्यात मावणं शक्य नव्हतं. खाली एक जुनी डिस्क दिसली, दोनशे जीबीची, जोडून ठेवलेली पण वापरात नसलेली. ती तिने वापरात आणली आणि प्रोग्रॅमच्या मुठीतली फाइल तिच्यावर उतरवायला घेतली. डिस्क म्हातारी होती, आकडा रांगत पुढे सरकत होता.

दुसऱ्या हाताने तिने मालकांना फोन लावला. बंद. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत शिरताना फोन बंद करायचा, हा मालकांचा सोवळ्यासारखा पाळलेला नियम. तिने मशीनच्या पडद्यावर निरोप पाठवला, 'मशीनला हात लावू नका.' पुन्हा फोन, पुन्हा बंद. मालकांना कधीकाळी तिनेच वैतागून पढवलं होतं, "पुसूनही जागा सुटली नाही तर सरळ मशीन बंद करून चालू करा, दर वेळी माझं डोकं खाऊ नका." ते आठवलं आणि तिने घड्याळ पाहिलं. तिने मागितलेली पाच मिनिटं कधीच उलटून गेली होती.

आकडा चार जीबीच्या जवळ आला आणि थांबला. तिने एक कळ दाबली, दुसरी दाबली. मग पडद्यावर ओळ उमटली, संपर्क तुटला.

संपर्क परत आला तेव्हा तिने डीएफ केलं. अडतीस टक्के. भरपूर जागा मोकळी होती.

थोड्या वेळाने मालकांचाच फोन आला. आवाजात कौतुक ओसंडत होतं. "तू सांगितलंस तसंच केलं बघ. टेबलाखाली वाकून बटण दाबलं, झटक्यात जागा झाली! अप्पा कसे आहेत?"

"आत आहेत," थोरली म्हणाली. त्या माणसावर ओरडायलाही तिच्याकडे कारण नव्हतं. पुसणारा हात तिचा, पढवणारं तोंडही तिचंच.

उतरलेला तुकडा तिने तिथेच कानाला लावून ऐकला. पहिल्या तीन-चार दिवसांतले अप्पा, माइकला बुजलेले, शाळेतल्या पोरासारखे शब्द जुळवत वाचणारे. अधूनमधून तिचाच आवाज, "अप्पा, जरा जवळ या." त्यात भोंगा कुठेच नव्हता. इतक्या अडखळत्या तुकड्यावर यंत्राचा आवाज घडणार नाही, हे शस्त्रक्रिया आटोपून बाहेर आलेल्या डॉक्टरांना तिने विचारलं तेव्हा त्यांनीही हळूच सांगितलं.

संध्याकाळी दोघींना आत सोडलं. गळ्याला पट्ट्या, नळी, पण डोळे टक्क उघडे. अप्पांनी बोट आपल्या गळ्याकडे नेलं, मग हवेत टाइप केल्यासारखं केलं, आणि भुवया उंचावून तिच्याकडे पाहिलं.

आहे म्हणावं, असं तिला फार वाटलं. पण घरी गेल्यावर पहिल्याच दिवशी यंत्र मुकं निघालं असतं.

"अप्पा, गेलं सगळं," ती म्हणाली. "माझ्या हातून पुसलं गेलं."

 अप्पांचे ओठ हलले. सवयीनेच ते बोलत होते, चांगलं लांबलचक, मधे दम घेत, भुवया वर-खाली करत. नळीतून नुसती हवा येत-जात होती. ती रागाची बोलणी होती की समजावणी, थोरलीला चेहऱ्यावरून कळेना. बोलून झाल्यावर उत्तराची वाट बघावी तसे ते थांबले.

"काय म्हणतायत गं?" आईने विचारलं.