बटण नसलेली खोली

"नीट बोला ना, बाबा! फॅन ऑन!"

"फ्यान वान," धर्माजी म्हणाले. पंखा ढिम्म हलला नाही.

दाराशी उभ्या चांगदेवने मान खाली घातली. नागाव ते चौल सव्वीस वर्षं वायरमनचं काम करताना त्याने लोकांचे पुष्कळ तमाशे पाहिले होते. पण सत्तरी ओलांडलेल्या आंधळ्या बापाकडून पोटचा मुलगा असं घोकून घेतोय, हे तो पहिल्यांदाच पाहत होता.

भावेशने चौलच्या वाडीत आईवडिलांसाठी नवं घर बांधलं होतं. आतली सगळी आखणी मुंबईच्या डिझायनर बाईंची. भिंतीवर बटण औषधालाही नव्हतं. नुसत्या काळ्या काचेच्या पाट्या. बोट टेकलं किंवा तोंडाने हुकूम दिला की दिवा, पंखा, पडदा. धर्माजी भिंत चाचपत संडासाकडे निघाले की त्यांचा तळवा काचेवरून फिरे, दिवे लागत, पडदे सरकत आणि भावेश ओरडे. त्यासाठीच आज चांगदेवला बोलावलं होतं.

"पाटीत बिघाड न्हाय," चांगदेव म्हणाला. "काकांना हाताला लागंल असं बटण हवं. खटका वाजला की कळंल त्यांना. अर्ध्या तासात बसवतो."

"भिंत फोडून? बाईंनी विचार करूनच केलंय सगळं."

"बाईंनी काकांना इचारलं व्हतं?"

"तुला अक्कल शिकवायला बोलावलेलं नाही." भावेशचा आवाज चढला. "ही पाटी बंद कर. या खोलीचं सगळं माझ्या मोबाईलवर राहू दे. मी पनवेलहून चालवीन."

"आन तुमी फोन न्हाय उचलला तर? उकाड्यानं जीव जाईल त्यांचा."

"माझे आईबाप आहेत. तुझे नाहीत."

"तरी लाज मला वाटते, तुमाला न्हाय."

भावेशने त्याची पिशवी उचलली आणि अंगणात भिरकावली. पक्कड, टेस्टर, स्क्रू वाळूत विखुरले. चांगदेवची मूठ वळली. तो पुढे सरकला, तोच भावेशची आई मनुबाई स्वयंपाकघरातून आल्या आणि कुणाकडेही न बघता अंगणात उतरून, वाकून एकेक स्क्रू वेचू लागल्या.

"काकू, ऱ्हाऊ द्या," म्हणत चांगदेव खाली बसला. पिशवी भरली आणि निघाला. दुसऱ्या दिवशी रेवदंड्याच्या वायरमनने पाटी बंद करून दिली.

पंधरा दिवसांनी भर दुपारी चांगदेव त्याच वाटेने चालला होता. धर्माजी पोफळींखाली खुर्चीत बसले होते, बनियन घामाने चिकटलेलं. मनुबाई पदराने वारा घालत होत्या.

"काकू, भाईर कशापाय?"

"आत पंखा लागंना. मीटिंगमधी असंल तो," मनुबाई म्हणाल्या. "चार येळा लावला फोन."

"मी आत्ता बसवतो बटण. कोण बघतंय?"

"नको रं," धर्माजी म्हणाले. "घर त्याचं हाय."

मग त्यांनी हाताने चाचपत शेजारची रिकामी खुर्ची आपल्याकडे ओढली.

"उन्हात उभा ऱ्हाऊ नको. बस."