एकेचाळीस वेळा रिकामी

मी एक खुर्ची. लाकडी, बिनहातांची, साधी. माझी एकेचाळीस चित्रं प्रसिद्ध आहेत आणि त्यातल्या एकाही चित्रात माझ्यावर कोणी बसलेलं नाही. असं का झालं, ते सांगते. मला वेळच वेळ आहे.

दातांच्या एका डॉक्टरांनी दवाखान्यासाठी सहा खुर्च्या करायला टाकल्या होत्या. त्यातली मी सहावी. माझा मागचा डावा पाय बोटाच्या पेराएवढा आखूड निघाला. सुताराने मला दोन-चारदा डुलवून पाहिलं आणि म्हणाला, "आधीच दात दुखतोय, त्यात आणखी हे कशाला?" पाच जणी दवाखान्यात गेल्या. मला त्याने शेजारच्या नव्या जोडप्याला लग्नाची भेट म्हणून दिलं. आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी आली आणि मी संसाराला लागले.

नवरा पाट्या रंगवायचा. 'दार ढकला', 'आत कुत्रा आहे', 'डॉक्टर आज येणार नाहीत'. गल्ली त्याला पेंटर म्हणे. बायको मोठ्या इस्पितळात नर्स होती. तिला सगळे सिस्टर म्हणत, चारचौघांत नवरासुद्धा. घर दोन खोल्यांचं. मागच्या खोलीत उजेड चांगला यायचा, म्हणून सुट्टीच्या दिवशी तिथे तो स्वतःची चित्रं काढायचा. घरात खुर्ची एकच.

सिस्टर ड्यूटीवरून आली की आधी माझ्यावर टेकायची. बूट काढायचे, पाय लांब करायचे आणि दहा मिनिटं कोणाशी बोलायचं नाही. ती दहा मिनिटं मी अजून विसरलेले नाही. दिवसभर दुसऱ्यांना झोपवणारं माणूस बसतं कसं, हे मला तेव्हा कळलं. ते बसत नाही, स्वतःला खाली ठेवतं.

तिचं चित्र काढायचं पेंटरच्या मनात आलं. तीन रविवार ती बसली.

"हलू नकोस."

"श्वास तर घेऊ ना?"

"घे. पण हळू."

चौथ्या रविवारी इस्पितळातून निरोप आला. वॉर्डात दोन नर्स आजारी पडल्या होत्या. सिस्टर गेली, आणि पुढचे सगळे रविवार तिकडेच गेले. इकडे स्पर्धेची तारीख तोंडावर आली. चेहरा अर्धाच झाला होता. पेंटरने दोन दिवस विचार केला आणि तिच्यावरून भिंतीचा रंग फिरवला. चित्रात उरले मी.

त्या चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. एका समीक्षकाने वर्तमानपत्रात अर्धं पान लिहिलं. पेंटरने ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून वाचून दाखवलं. "'या रिकाम्या खुर्चीत आजच्या माणसाचं एकटेपण बसलेलं आहे.'"

सिस्टर कांदा चिरत होती. "एकटेपण कुठलं? माझी ड्यूटी आहे ती," ती म्हणाली.

त्यानंतर पाट्या सुटल्या आणि मी सुरू झाले. समोरून, मागून, पाय वर करून, पावसाळी उजेडात, अर्धी दाराआड. पहिली नऊ वर्षं घर सिस्टरच्या पगारावर चाललं. याचा उल्लेख एकाही लेखात नाही. मी काही लेख वाचलेले नाहीत, पण सगळे माझ्यासमोर मोठ्याने वाचले गेले आहेत.

मी जागची हलू नये म्हणून पेंटरने माझ्या चारही पायांभोवती खडूने खुणा केल्या. मग माझ्यावर बसायची सोय राहिली नाही. सिस्टर पत्र्याच्या ट्रंकेवर बसू लागली. ट्रंकेला पाठ नसते, म्हणून ती भिंतीला टेके, आणि भिंतीचा चुना तिच्या पाठीला लागे. इस्पितळात मैत्रिणी तो झटकून देत.

मुलगी झाली. ती पाच वर्षांची असताना तिने आपली बाहुली आणून माझ्यावर बसवली. पेंटर रागावला नाही. त्याने बाहुली उचलून तिच्या हातात दिली, खडूच्या खुणा तपासल्या आणि पुन्हा ब्रश घेतला. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं, असं लेक मोठेपणी एकदा म्हणाली.

पेंटरचं नाव झालं. परदेशी पाहुणे येऊ लागले. माझ्याकडे बघून ते मान आधी डावीकडे, मग उजवीकडे तिरकी करत आणि शेवटी चहाला साखर मागत. पेंटर मुलाखतीत म्हणायचा, "मी अभावाचा शोध घेतो." सिस्टर त्या वेळी बहुधा बाजारात असायची.

ती निवृत्त झाली तेव्हा तिचा खुबा झिजला होता. आयुष्य उभ्याने गेलं होतं. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, खाली बसायचं नाही, ट्रंकेवर तर अजिबात नाही, ताठ पाठीची खुर्ची हवी. घरी आल्यावर ती वॉकर टेकत टेकत सरळ मागच्या खोलीत आली आणि माझ्यावर बसली. इतक्या वर्षांनी. माझे सगळे सांधे कुरकुरले. तिचेही.

"अगं, खुणा..." पेंटर म्हणाला.

"पुसल्या तर नव्या काढा."

पुढचे दोन महिने तिच्या बसण्याची जागा मीच होते. पेंटरची पंचाईत झाली. प्रदर्शन तोंडावर, आणि खुर्ची अडलेली. आठवडाभर तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग एका सकाळी त्याने कॅनव्हास लावला आणि जे समोर होतं ते काढायला घेतलं.

माणूस काढायची त्याची सवय मोडली होती. नाक काही केल्या जमेना. पहिलं लांब झालं, दुसरं वाकडं, तिसरं त्याच्या स्वतःच्या आईचं झालं. तो खोडत होता, पुन्हा काढत होता. सिस्टर बसल्या बसल्या डुलकी घेई, जागी झाली की विचारी, "आलं का?" तो मान हलवी. तिच्याकडे एवढा वेळ बघताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. एकदा तो म्हणाला, "तुझ्या भुवईला ही खूण कधी पडली?"

"बावीस वर्षं झाली. ऑक्सिजनचा सिलिंडर लागला होता."

त्याने ब्रश खाली ठेवला. त्या दिवशी काम झालं नाही.

चित्र होत आलं तेव्हा गॅलरीच्या मालकीणबाई आल्या. कडक पण सरळ बाई. चित्रासमोर पुष्कळ वेळ उभ्या राहिल्या. "छान आहे," त्या म्हणाल्या. "पण लोक रिकामी खुर्ची बघायला येतात. यांना जरा उठवता येईल का?"

त्यांना चित्रातून म्हणायचं होतं. पेंटरने चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे, म्हणजे माझ्यावर.

सिस्टर म्हणाली, "पुसायचं असेल तर पुसा. मला सवय आहे."

ती हे चिडून म्हणाली नाही. इंजेक्शन देण्याआधी पेशंटला सांगावं, तसं सांगितलं.

पेंटर उठला. त्याने भिंतीच्या रंगाची ट्यूब उचलली, झाकण घट्ट लावलं आणि ड्रॉवरमध्ये टाकली. मग बारीक ब्रश घेऊन कोपऱ्यात सही केली. चित्र पुरं झाल्याशिवाय तो सही करत नसे. "झालं," तो म्हणाला. "प्रदर्शन यंदा नको."

मालकीणबाई पुन्हा आल्या नाहीत. सिस्टर त्या रात्री चित्राकडे बघून बरीच रडली, पण नाक आपलंच आलंय म्हणून समाधानी होती.

तीन वर्षांनी एका सकाळी ब्रश धुता धुता पेंटर गेला. मग संग्रहालयाने त्याच्या नावाचं दालन करायचं ठरवलं. एकेचाळीस चित्रं ठिकठिकाणांहून गोळा झाली. मलाही मागितलं. सिस्टर म्हणाली, "जाऊ दे तिला. तिचा सगळा गोतावळा तिकडे आहे."

सिस्टरचं चित्र बघायला तज्ज्ञ घरी आले. त्यांनी चष्मा काढला, लावला. "हे मालिकेत बसत नाही," ते म्हणाले.

"एकेचाळीसांत कोणीच बसलेलं नाही," सिस्टर म्हणाली. "बसलंय ते यातच."

ते चित्र आता लेकीच्या घरी आहे. ती त्याखाली मुलांचा अभ्यास घेते.

आणि मी इथे, चौथऱ्यावर, दोरीच्या आत. पायाखाली पुठ्ठा नाही. तज्ज्ञांनी प्लास्टिकची अदृश्य पट्टी लावली आहे. समोर 'हात लावू नये' अशी पाटी आहे. अक्षर छापील आहे, पेंटरला आवडलं नसतं.

उद्घाटनाला सिस्टर आली होती. भाषणं झाली. संचालकांनी तिला चार शब्द बोलायला सांगितलं. तिने भिंतींवरच्या एकेचाळीस खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि उभ्या असलेल्या लोकांकडे पाहिलं. "इथे बसायला काहीतरी ठेवा," ती म्हणाली. "लोकांचे पाय दुखतात."

लोक हसले. संचालक हसले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात दालनाच्या मधोमध एक लांब बाक आला.

दर गुरुवारी दुपारी ती येते. चित्रं बघत नाही. बाकावर बसते, बूट काढते आणि थोड्या वेळाने तिची मान खाली येते. पहिल्यांदा पहारेकरी तिला उठवायला पुढे झाला होता. मग थांबला आणि भिंतीवरची नियमांची पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. फोटो काढू नये, खाऊ नये, मोठ्याने बोलू नये. झोपू नये असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. तो आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला.

तुम्ही कधी गुरुवारी आलात, तर माझ्याकडे निवांत बघा. माझी काही हरकत नाही. फक्त पाय वाजवू नका.