जाळीपलीकडचा पुढारी

आमच्या वॉर्डातला पुढारी शनिवारी दुपारी चर्चमध्ये घुसला, फादर ज्यात बसून लोकांच्या पापांची कबुली ऐकतात त्या कन्फेशनच्या खोक्यात जाऊन बसला आणि त्याने निवडणुकीचा व्हिडिओ काढला. त्याची माणसं जाळीपाशी गुडघे टेकून सांगत होती, "फादर, मागच्या वेळी मी दुसऱ्या पक्षाला मत दिलं." हा आतून म्हणायचा, "जा, सगळं माफ!" बघणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळली म्हणे.

मग बोंब झाली. चर्चबाहेर फलक लागले, माफीची मागणी झाली. टीव्हीवर पुढाऱ्याने मानभावीपणे दिलगिरी व्यक्त केली आणि मागोमाग तो व्हिडिओ दाखवला. आई समोर भाजी निवडत बसली होती. "जा, सगळं माफ" ऐकलं आणि तिचे हात थांबले.

"हाच आवाज," ती म्हणाली. "शनिवारी मी ह्यालाच सांगून आले."

त्या शनिवारी फादर एका आजाऱ्याकडे अडकले होते. पुढाऱ्याची माणसं बाहेर सिगरेट ओढत होती, हा आत फोन बघत बसला होता. आई नेहमीच्या वेळी गेली, गुडघे टेकले आणि वर्षानुवर्षं पोटात ठेवलेलं पाप सांगून मोकळी झाली. त्या नालायकाने तिला मध्येच थांबवलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि माफ करून टाकलं!

"पण सांगितलंस काय?" मी विचारलं.

"ते देवाला ठाऊक. आणि आता त्याला."

तेव्हापासून ती रविवारी चर्चमध्ये मिस्सेला मागच्या बाकावर बसते, पाप खरं माफ झालंच नाही म्हणून कम्युनियनचा प्रसाद घ्यायला पुढे जात नाही. पुन्हा फादरांकडे जा म्हटलं, तर म्हणते, "दुसऱ्यांदा तोंडातून निघणार नाही." तो कुठे बोलला तर, हा एकच घोर तिच्या जिवाला लागला. माझं डोकं फिरलं. मी त्याच्या कार्यालयात फोन करून सुनावलं, "घरी येऊन माझ्या आईची माफी मागा."

तो आला. फुलं आणि कॅमेरेवाले घेऊन. आईच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला, तिचे हात हातात घेतले आणि तिच्या कानाशी वाकला. मी मागेच तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होते, म्हणून मला ऐकू आलं.

"मावशी, माफ केलं म्हणा. नाहीतर तुमच्या नवऱ्याचं ते प्रकरण माझ्याही पोटात राहायचं नाही."

मी त्याच्या कॉलरला हात घालणार होते, आईने मला अडवलं. मग कॅमेऱ्यांकडे बघून ती मोठ्याने बोलली.

"माझा नवरा मला मारायचा. मरताना म्हणाला, फादरांना बोलव, कन्फेशन करायचंय. मी बोलावलं नाही. त्याला माफी मिळू नये म्हणून. हेच मी ह्याला सांगितलं होतं."

बाबांच्या शेवटच्या दिवशी मी तिला विचारलं होतं, फादर येतायत ना? निरोप धाडलाय, असं ती म्हणाली होती. बाबा दाराकडे डोळे लावून गेले. मला तिचा राग आला, भयंकर राग आला. तरी तिच्या खांद्यावरचा हात मी काढला नाही.

पुढाऱ्याला घाम फुटला. "मावशी, अहो, पण मला तरी..."

"त्याच्याबरोबर उभा जन्म संसार केला, त्यालाही नाही मिळू दिली," आई म्हणाली. "तू कोण लागून गेलास?"