निजलेलं धान आणि लोखंडी बोटं

समजा, तुम्ही धानाचं एक रोप आहात. थोड्याच वेळापुरतं, घाबरू नका. पाय चिखलात रोवलेले. अंग बारीक आणि आतून पोकळ. डोक्यावर मात्र दीडशे दाण्यांची लोंबी. चार महिने तुम्ही सरळ उभे राहिलात, आता आठ दिवसांत कापणी. आणि नेमका त्याच वेळी पूर्वेकडून वारा सुटतो. पाऊस कोसळतो. भिजलेली लोंबी आणखी जड होते. मागचं रोप तुमच्यावर रेलतं, तुम्ही पुढच्यावर रेलता. सकाळी उजाडतं तेव्हा सगळं शेत निजलेलं असतं आणि सगळ्यांची डोकी पश्चिमेला असतात.

आता तुमचं तोंड चिखलात आहे. अशा वेळी दाण्याला वाटतं की आपल्याला पेरलंय. त्याला काय माहीत, तो कोणाच्या ताटात जायचा आहे ते! ओल मिळाली, ऊब मिळाली, की तो कोंब काढायला लागतो. कोंब आलेला दाणा ना भाताला चालत, ना बियाण्याला.

चिमूरच्या वाटेवरच्या एका गावात नागसेनची बांधी अशीच निजली होती. धुरे, म्हणजे मातीचे बांध, घालून पाणी अडवलेल्या धानाच्या शेताला आमच्याकडे बांधी म्हणतात. नागसेनची मुलगी रोशनी पाचवीत होती. पाऊस उघडला त्या दिवसापासून ती रोज सकाळी धुऱ्यावर जायची, एक लोंबी उचलायची, दाणे निरखायची आणि घरी येऊन सांगायची, "बाबा, अजून पांढरं नाई दिसत."

पाचव्या दिवशी तिने लोंबीच हातात आणली. एका दाण्याच्या टोकाला सुईच्या अग्राएवढं पांढरं आलं होतं.

नागसेनने ती लोंबी हातात घेतली आणि तो दाणा नखाने टोचून पाहिला. मग म्हणाला, "उद्या संध्याकाळपर्यंत उचललं तर उचललं. नाई तर गेलं."

उचलायचं कोणी? गावातलं सगळ्यांचंच धान पडलेलं. जो तो आपापल्या बांधीत वाकलेला. मजूर मिळायचा प्रश्नच नव्हता. गावच्या शेतकरी गटाचा हार्वेस्टर होता, चिखलात चालणारा, चेनवाला. पण हार्वेस्टरच्या तोंडाशी ज्या सुऱ्या असतात, त्या उभं धान कापतात. निजलेल्या धानावरून त्या नुसत्या निघून जातात, किंवा लोंब्या अर्ध्यात तोडून चिखलात टाकतात.

या बांधीवर दोन घरं जगत होती. एक नागसेनचं. दुसरं ठमाबाईचं. ठमाबाईला स्वतःची जमीन नव्हती. ती म्हातारी एकटीच राहायची. कापणीला जायचं तिचं वय सरलं होतं, पण सरवा वेचायला ती यायचीच. कापून झाल्यावर शेतात ज्या लोंब्या सुटतात त्यांना सरवा म्हणतात. सरवा वेचणाऱ्याला कोणी अडवत नाही आणि वेचणारा कोणाला विचारत नाही. नागसेनच्या बांधीतला सरवा ठमाबाईचा, हे रोशनीच्या जन्माआधीपासून ठरलेलं होतं. त्या धानावर ठमाबाईची चूल होळीपर्यंत पेटायची.

तर उपाय काढला हाफिजने. चिमूरला त्याचं वेल्डिंगचं दुकान. नांगराचे फाळ, ट्रॉलीचे आस, शाळेचं गेट, जे तुटेल ते त्याच्याकडे जायचं. त्याने मोबाइलवर कुठल्याशा दूरदेशचं यंत्र पाहिलं होतं. त्याच्या सुऱ्यांपुढे लांब लोखंडी बोटं बसवलेली. बोटं पिकाखाली शिरतात, पीक वर उचलतात, मग मागून सुरी कापते.

"कंपनीची मागवली तं महिना लागन," तो नागसेनला फोनवर म्हणाला. "मी बनवतो. ट्रकच्या कमानीचे पट्टे पडले हायत माझ्याकडे. पण पहिल्यांदा कोणाच्या बांधीत घालू? कोणी हो म्हणून नाई राह्यलं."

"माझ्या घाल," नागसेन म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हाफिज बोटं घेऊन आला. एकेक बोट हातभर लांब, पुढे टोकदार. ती त्याने नट आवळून सुऱ्यांपुढे बसवली. हार्वेस्टर चालवणारा पत्रू, पंजाबच्या यंत्रांवर दोन हंगाम काढून आलेला तरणा गडी, ती बोटं बघून हसायलाच लागला.

"हाफिजभाऊ, हे हार्वेस्टर होय का साळिंदर?"

"हस बाबू, हस. प्रत्येक सुरीले एक बोट देल्लं. एक लोंबी सुटली तं नाव बदलजो माझं."

रस्ता पूर्वेला होता, म्हणून हार्वेस्टर पूर्वेकडून बांधीत उतरला. ठमाबाई धुऱ्यावर टोपलं घेऊन आधीच बसलेली. रोशनी तिच्याशेजारी. यंत्र दहा पावलं गेलं असेल नसेल, बोटांची टोकं चिखलात घुसली. पुढे चिखलाचा ढिगारा जमू लागला. बोटांच्या मधल्या फटींत धानाच्या काड्या गच्च अडकल्या. पत्रूने यंत्र मागे घेतलं, पुन्हा पुढे नेलं. पुन्हा तेच. मागे पाहिलं तर धान कापलं गेलं नव्हतं, चिखलात दाबलं गेलं होतं.

पत्रूने इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली आणि खाली उतरला.

"काय नाव ठेवू मंग तुमचं?"

हाफिज यंत्रापुढे गेला. चिखलात गुडघ्यावर बसून तो फटींतल्या काड्या उपसायला लागला. त्याचे कान लाल झाले होते. नागसेन दाबलेल्या धानाकडे पाहत उभा होता.

इकडे धुऱ्याच्या कडेला ठमाबाई हळूच बांधीत उतरली होती. तिला राहवलं नसावं. तिने दाबलेल्या पट्ट्याच्या बाजूचं निजलेलं धान हाताने उचललं आणि सोडलं. पुन्हा उचललं. रोशनी तिच्याकडे बघत होती. एका हातात केवढं धान येत होतं! आणि हाताला चिखल जेमतेम लागत होता.

"आजी, तुमचा हात काऊन नाई फसत चिखलात?"

"फसन कसा? मी का खड्डा खोदून राह्यली?" ठमाबाईने हात पुढे केला. "हे पाह्य. बोटाचं टोक नाई टेकवाचं. हाताची पाठ टेकवाची. पाठ घसरते, टोक खुपसते. अन् उचलाचं लोंबीकडून. निजलेल्या लेकराले उचलतेस तं डोक्याखाली हात घालतेस का पायाखाली?"

"डोक्याखाली."

"मंग हे शहाणे काऊन पायाकडून घुसून राह्यले? डोके तं सारे तिकडे हायत."

रोशनीने धानाकडे पाहिलं. सगळ्या लोंब्या पश्चिमेला. यंत्र पूर्वेकडून आलेलं. ती धावतच गेली आणि हाफिजच्या शर्टाची बाही ओढली.

"चाचा, चला ना. आजीचा हात पाहा."

पत्रू मागून म्हणाला, "घ्या, आता म्हातारी हार्वेस्टर शिकवणार!" पण हाफिज उठला. कारागीर माणूस, त्याने म्हातारीच्या तोंडाकडे नाही, हाताकडे पाहिलं. तिने तीनदा धान उचलून दाखवलं. चौथ्यांदा हाफिजने स्वतः चिखलात हाताची पाठ टेकवून पाहिली.

"अन् बोटं अशी फाकवलेली काऊन ठेवता, बाई?"

"जोडली तं काडी जाईन कुठून? अडकन ना मधात."

हाफिजने कपाळावर हात मारला. चिखलाचा पंजा उमटला तो तसाच राहिला. "अरे! एक-एक सुरीले एक-एक बोट. मी तं पूर्ण भिंतच बांधली!"

नागसेनने आकाशाकडे पाहिलं. दुपार व्हायला आली होती. "किती वेळ लागन, हाफिजभाऊ?"

"दुकानात नेऊन टोकं गरम करून वर वाकवाची, अन् यंत्र पश्चिमेकडून घालाचं. दोन घंटे. पत्रू, मोटारसायकल काढ."

पत्रूने कुरकुर केली, पण काढली. जाताना म्हणाला, "पश्चिमेकडून कापाचं म्हणजे दर खेपेले यंत्र रिकामं वापस आणाचं. डबल डिझेल जाईन."

"जाऊ दे," नागसेन म्हणाला. "धान गेल्यावर डिझेल का उकडून खाऊ?"

दोन तासांचे तीन झाले. तोवर रोशनीने धुऱ्यावर बसून डबा खाल्ला, अर्धी भाकर ठमाबाईला दिली, आणि चार वेळा लोंब्या तपासल्या. पांढरी टोकं आणखी काही दाण्यांना आली होती.

हाफिज आला तेव्हा बोटांची टोकं वर वळलेली होती, लहान होडीच्या, डोंग्याच्या नाकासारखी. या वेळी त्याने चौथ्या-चौथ्या सुरीलाच एक बोट बसवलं. पत्रूने यंत्र लांबून फिरवून बांधीच्या पश्चिम टोकाला नेलं आणि तोंड पूर्वेला केलं.

यंत्र पुढे सरकलं. बोटं चिखलावरून घसरत लोंब्यांखाली शिरली. आणि मुलांनो, निजलेलं धान उठून बसू लागलं. एका ओळीने, खांद्याला खांदा लावून. क्षणभर उभं राहायचं, मग सुरी लागायची, मग ते यंत्राच्या पोटात जायचं. पत्रू वरूनच ओरडला, "नागसेनभाऊ, भरून राह्यलं! टाकी भरून राह्यली!"

नागसेन यंत्रामागून वाकून चालत होता, जमीन पाहत. बोटांनी काही ठेवलंच नव्हतं. त्याने मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा पाच दिवसांत पहिल्यांदा सैल झाला होता. रोशनीने धुऱ्यावर उड्या मारल्या.

ऊन उतरलं. कापायचा एक पट्टा उरला. पत्रू यंत्र ट्रॉलीपाशी नेऊन धान ओतत होता. नागसेन ट्रॉलीत चढून ओलं धान फावड्याने पसरत होता.

रोशनीने मागे वळून पाहिलं. कापलेल्या बांधीत ठमाबाई वाकून फिरत होती. टोपलं कमरेला लावलेलं. ती दहा पावलं चालायची, थांबायची, काहीतरी उचलायची, पुन्हा दहा पावलं. रोशनी तिच्याकडे गेली आणि टोपल्यात डोकावली. तळाला पाच-सहा लोंब्या होत्या. दरवर्षी एवढ्या वेळात टोपलं भरायचं.

"आजी, इतकंच?"

ठमाबाई हसली. "मीच तं शिकवलं त्याले, माय. आता माह्या हाताले काय ठेवन तो?"

ती रागावली नव्हती. त्यामुळेच रोशनीला आणखी वाईट वाटलं. ती ट्रॉलीकडे धावली.

"बाबा, ठमाआजीच्या टोपल्यात काईच नाई."

नागसेनचं फावडं थांबलं. त्याने बांधीकडे पाहिलं, आणि त्याच्या ध्यानात आलं. तो ट्रॉलीच्या कडेवरून ओरडला, "ठमाबाई! इकडं या. दोन पायल्या भरून नेजा."

ठमाबाई तिथूनच म्हणाली, "काऊन? मी का मागायले आली? सुटलेलं वेचते मी, बाबू. कोणाच्या ढिगातलं नाई नेत." आणि पुन्हा वाकली.

हाफिज ट्रॉलीला टेकून विडी ओढत होता, त्याने ती विझवली. पत्रू चढायला निघाला. "चला, एक पट्टा राह्यला. पाच मिनिटांचं काम हाय."

रोशनी त्या पट्ट्याकडे पाहत होती. मग ती म्हणाली, "बाबा, बोटं नसली तं यंत्राचं धान सुटते ना?"

"सुटते. अर्धं सुटते."

"अन् सुटलेलं कोणाचं?"

नागसेनने मुलीकडे पाहिलं. ट्रॉली पाऊणच भरली होती. त्याने एकदा ट्रॉलीतल्या धानाकडे पाहिलं, एकदा पट्ट्याकडे. मग फावडं धानात रोवलं आणि म्हणाला, "पत्रू, किल्ली काढ. खाली उतर."

"आता काय झालं?"

"किल्ली काढ म्हटलं ना."

पत्रूने किल्ली काढली. कोणी काही बोलायच्या आधी रोशनी हाफिजच्या अवजारांच्या पिशवीपाशी गेली होती. तिने पिशवीत हात घालून नट सोडवायचे दोन पाने बाहेर काढले. मोठा हाफिजच्या हातात दिला. धाकटा स्वतः घेतला, यंत्राच्या तोंडाशी चिखलात उकिडवी बसली, आणि पहिल्या बोटाचा नट सैल करायला लागली.