धरलेली जागा

पिशवी खिडकीतून आत सरकवली, ती सीटवर नीट बसली की नाही ते टाचा उंचावून पाहिलं, आणि सकाळपासून पहिल्यांदाच ठकूच्या जिवाला जरा थारा मिळाला. जागा धरली होती. आता घाई नव्हती.

शेणव्याच्या फाट्यावर चाळीस वर्षं हेच चालत आलं होतं. शहापूरची एसटी लांबून दिसली की तिचा नवरा सुक्या पुढे पळायचा आणि गाडी पुरती थांबायच्या आत खिडकीतून पिशवी नाहीतर खांद्यावरचा टॉवेल सीटवर टाकायचा. मग दारात कितीही रेटारेटी होवो, त्या सीटवर कुणी बसत नसे. ठकू मागून सावकाश चढायची आणि खिडकीशी ऐसपैस बसायची. सुक्या मात्र शहापूरपर्यंत दांडीला धरून उभा. पिशवी आत असून तिचा धनी खाली राहिलाच, तर कंडक्टर घंटी मारत नसे. "पिसवी कोणाची रं ही?" असं खेकसून तो चढेपर्यंत गाडी उभी करायचा. मुरबाडच्या जीपवाल्यांचाही तोच शिरस्ता. पिशवी आत म्हणजे माणूस आत, यावर त्या मुलखात कधी कुणी वाद घातला नव्हता.

आज सुक्या पळायला नव्हता, म्हणून ठकूने आयुष्यात पहिल्यांदा स्वतः जागा धरली. फक्त मुलूख मुंबईचा होता.

डेपोतल्या थांब्यावर लांबच लांब रांग होती. ठकू खिडकीकडे गेली तेव्हापासून रांगेतली एक चष्मेवाली बाई तिच्यावर डोळा ठेवून होती. "लाईनीत या, मावशी," कुणीतरी म्हणालं. ठकू निमूट रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहिली. भांडायचं कशाला, जागा तर आपलीच. रांग सरकत गेली. पुढे चार माणसं उरली, मग दोन. आणि तिने पायरीकडे पाऊल उचललं तोच दार आपोआप मिटलं.

"अवो, माजी पिसवी! पिसवी आत हाय माजी!"

तिने पत्र्यावर थापा मारल्या. बस भरली होती, बसची वेळ झाली होती, बस गेली. पिशवी कुणाची हे कुणीही विचारलं नाही.

पिशवीत फडक्यात बांधलेल्या दोन भाकऱ्या होत्या, सुक्याचा शर्ट होता, मुलाने, अजयने, दिलेला फोन होता. यातलं सगळं जाऊ दे. पण तळाशी एक बाटली होती, आणि बाटलीत सुक्याच्या मानेतल्या गाठीचा तुकडा होता. सकाळीच काढलेला. अजय कामावर खाडा नको म्हणून आदल्या दिवशीच आसनगावला परतला होता, म्हणून आज नर्सने ती बाटली तिच्याच हातात दिली आणि दोनदोनदा बजावलं, "मावशी, दुसऱ्या हॉस्पिटलात एकच्या आत पोचवा. आज शनिवार आहे, एकनंतर घेत नाहीत. गाठ श्वासावर दाबतेय त्यांच्या, सोमवारपर्यंत थांबून चालायचं नाही. आणि सांडू नका हो. परत तुकडा काढणं त्यांना झेपणार नाही."

त्या बाटलीची ठकूला इतकी भीती वाटली होती की तिने आत नजर टाकली नव्हती. आता ती भीती कुठल्या कुठे गेली. आता ती बाटली फक्त परत हवी होती.

गाड्या सोडणारा माणूस लोखंडी केबिनमध्ये बसला होता. ठकू धावत तिथे गेली. "दादा, माजी पिसवी गेली त्या गाडीत."

"काय होतं पिशवीत?"

ठकूने मागेपुढे पाहिलं. माणसाचं मांस होतं म्हणून सांगायचं? कुठल्या गाडीत घेतील मग? पोलिसाला बोलावतील. "भाकर होती," ती म्हणाली.

"मग जाऊ द्या ना आई. भाकरीसाठी कुठे गाडी थांबवू?" त्याने वहीत डोकं घातलं. त्याच्या डोक्यावरचं घड्याळ ठकूला वाचता येत नव्हतं, पण ते चाललंय हे दिसत होतं.

"माजा मानूस हाय तिच्यात!" ठकू एकदम ओरडली. "तुकडा काडलाय तेचा. एकला पोचवाचाय. नायतर मरंल तो."

त्या माणसाने पेन ठेवलं. तिने चोळीतून हॉस्पिटलचा कागद काढून दाखवला, तो त्याने वाचला, आणि पुढे एक अक्षर न विचारता तिला मागच्या बसमध्ये चढवलं. "पुढची गाडी दिसली की हिला उतरव रे," असं त्याने ड्रायव्हरला सांगितलं.

पुढची गाडी लवकरच दिसली. मेट्रोच्या खांबापाशी कडेला उभी होती ती, आणि रिकामी होती. सगळे उतारू लांब फुटपाथवर गोळा झाले होते. मध्ये दोरी बांधली होती, आणि दोरीपाशी पोलीस.

ठकू खाली उतरली आणि जागीच थिजली. चष्मेवाली बाई हातवारे करून हवालदाराला सांगत होती, "मी पाहिलं ना साहेब! एक बाई आली, खिडकीतून पिशवी टाकली आणि निघून गेली. बसमध्ये चढलीच नाही. मी सांगितलं म्हणून गाडी थांबली, नाहीतर आज काय झालं असतं!"

आपली पिशवी. दोन भाकऱ्यांच्या पिशवीला एवढी माणसं घाबरली होती, आणि ठकू त्या माणसांना घाबरली होती. पोलीस दिसला की वाट सोडायची, हे तिच्या वाडीत पोरांना चालायला लागायच्या आत कळतं. कुठे काही चोरीला गेलं की पहिली जीप त्यांच्याच वाडीवर यायची. सुक्याचा बाप एकदा न केलेल्या चोरीपायी आठ दिवस आत बसून आला होता. पळावं, असं तिच्या पायांनी सांगितलं. अजून कुणी तिला पाहिलं नव्हतं. गर्दीत मिसळून गेलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता.

मग तिला सुक्याचा श्वास आठवला. रात्रभर तिने तो मोजला होता.

"पिसवी माजी हाय," ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिला पुन्हा सांगावं लागलं. "मीच टाकली."

सगळ्या माना वळल्या. "हीच ती!" चष्मेवाली किंचाळली आणि दोन पावलं मागे सरली.

हवालदाराने ठकूचा दंड धरला. "का टाकली?"

"जागा धराया."

"काय?"

"जागा धराया, सायब. आमच्याकडं तशीच धरत्यात."

गर्दीत कुणीतरी हसलं. हवालदार हसला नाही. त्याने कागद वाचला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला. "सुक्या लहानू मुकणे. नवरा का?"

"व्हय."

"हे बघा मावशी, तुमचं खरं असेलही. पण तपासणारे लोक निघालेत. ते आल्याशिवाय कुणालाच पिशवीला हात लावता येत नाही. अर्धा-पाऊण तास लागेल."

"किती वाजलं, सायब?"

"साडेबारा."

ठकूने हिशोब केला नाही. करायची गरजच नव्हती. तिने दंड सोडवून घेतला, दोरीखालून वाकून गेली आणि बसकडे चालू लागली. मागे एकच गलका उडाला. "मावशी, थांबा! ए, धरा तिला!" पण धरायला कुणी आलं नाही. बसजवळ जायचं कोण?

दार उघडंच होतं. ती दांडीला धरून आत चढली. पिशवी डाव्या हाताच्या तिसऱ्या सीटवर होती, तिने ठेवली तशीच.

ती पिशवी घेऊन खाली आली, रस्त्यावरच बसली आणि सगळ्यांसमोर एकेक वस्तू बाहेर काढू लागली. भाकऱ्यांचं फडकं उलगडलं. शर्ट झटकून दाखवला. फोन ठेवला. शेवटी बाटली काढून दोन्ही हातांनी वर धरली, आणि तेव्हा तिने स्वतःही पहिल्यांदा आत पाहिलं. करंगळीच्या पेराएवढा पांढुरका तुकडा पाण्यात हलत होता. एवढासाच. तिला रडू कोसळलं.

गलका थांबला. हवालदार जवळ आला, उकिडवा बसला आणि फडक्याची गाठ त्याने आपल्या हाताने मारली. "उठा मावशी," तो म्हणाला. मग ड्रायव्हरकडे वळला. "यांना आधी पोचव. वर मी बोलतो."

लोक गुपचूप चढले. तिसरी सीट कुणी घेतली नव्हती. चष्मेवाली बाईच तिला म्हणाली, "बसा ना, तुमची जागा आहे." ठकू बसली नाही. बसलं आणि उतरायचं ठिकाण मागे गेलं तर? पिशवी छातीशी घट्ट धरून ती दारापाशी उभी राहिली, पार शेवटपर्यंत.

एकला पाच कमी असताना काचेमागच्या माणसाने बाटली घेतली, तिच्यावर चिठ्ठी डकवली आणि पावती दिली. "मंगळवारी या." त्याच्या लेखी ती दिवसातली चाळिसावी बाटली असावी.

परत वॉर्डात यायला तिला चार वाजले. सुक्याच्या खाटेपाशी शेजारच्या रुग्णाची बहीण अवघडून उभी होती. दोन खाटांमध्ये स्टूल एकच, आणि त्या स्टुलावर सुक्याचा टॉवेल पसरलेला होता.

"सकाळपासून कुणाला बसू देत नाहीत बघा तुमचे," बहीण म्हणाली. "टॉवेल उचलायला गेलं की डोळे मोठे करतात."

सुक्याने मान वळवायचा प्रयत्न केला. जमलं नाही. पट्टीखालून घरघरता, ओळखू न येणारा आवाज आला.

"जागा भेटली गो?"

"भेटली," ठकू म्हणाली. "खिडकीची."

त्याने समाधानाने डोळे मिटले. ठकूने टॉवेल उचलला, घडी करून त्याच्या उशाशी ठेवला आणि स्टुलाच्या अर्ध्या भागावर बसली. उरलेल्या अर्ध्यावर तिने त्या बहिणीला हात धरून बसवलं.