मधुकररावांच्या प्रेसमधला मोठा पडदा

हिंगणघाटला मधुकररावांच्या प्रेसमध्ये लग्नपत्रिका छापतात, आणि लग्नपत्रिका हा काही एकट्यानं वाचायचा कागद नव्हे. ती पसंत करायला अख्खं घर येतं. आजोबांचं नाव काकांच्या वर आहे ना, आत्याच्या नवऱ्याचं आडनाव बरोबर आहे ना, हे बघायला दहा दहा माणसं एका चिमुकल्या लॅपटॉपवर डोकी आपटायची. म्हणून मधुकररावांची सून प्रेरणा हिनं दोन वर्षांपूर्वी हट्टानं एक मोठा मॉनिटर आणवला, गिऱ्हाइकांकडे तोंड करून काउंटरवर बसवला आणि लॅपटॉपला जोडला. 'मोठ्या पडद्याचा प्रेस' असं नाव पार वर्ध्यापर्यंत झालं.

२००७ सालच्या दसऱ्यानंतरच्या मंगळवारी तो पडदा आंधळा झाला.

लॅपटॉपमध्ये नवी विंडोज टाकायचं प्रेरणानं ठरवलं होतं. दसऱ्याचा मुहूर्त मात्र मधुकररावांनीच काढून दिला होता. रविवारी विंडोज बसली, छान बसली. मंगळवारी सकाळी तिनं मोठ्या मॉनिटरची वायर लावली, तर सिग्नल नाही एवढं सांगून पडदा काळाठिक्कर. लॅपटॉपला विचारावं तर तो म्हणतो, दुसरा मॉनिटर जोडलेलाच नाही.

"मी म्हणत होतो का नाई?" मधुकरराव म्हणाले. असं ते कधीच म्हणाले नव्हते. "चांगलं चालून राह्यलं होतं, त्यात बोट घालाचं काम काय होतं?"

"मामाजी, पाह्यतो ना मी," प्रेरणा म्हणाली.

"लवकर पाह्य. चार वाजता नालवाडीचे रूपराव येऊन राह्यले, दोन जीपा भरून. वर्ध्यातले प्रेस सोडून येतात ते या पडद्यापायी. तोवर लागला नाई, तर उद्यापासून डिझाइनचं काम मी वर्ध्याच्या स्टुडिओले देतो. तू आपलं घर पाह्य."

प्रेरणाच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. या घरात तिचं म्हणावं असं जे काही होतं, ते खिडकीजवळचं ते टेबल. ते गेलं की राहिली पोळ्यांची परात. तिला पोळ्यांचा राग नव्हता, पण टेबलाचं प्रेम होतं. आणि नवरा, गजेंद्र, नेमका कार्डं आणायला नागपूरला गेलेला.

ती कामाला लागली. आधी मॉनिटर उचलून प्रेमदासच्या जुन्या कॉम्प्युटरला लावला. प्रेमदास म्हणजे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्याच्या काळापासूनचा कंपोझिटर. मॉनिटर झटकन लागला, म्हणजे मॉनिटर चांगला, वायरही चांगली. राहिला लॅपटॉप. पडदा बदलायची बटणं दाबून झाली. सेटिंगमध्ये जाऊन 'शोध' म्हणून दहादा सांगून झालं. मग तिनं ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. ड्रायव्हर म्हणजे विंडोजला मॉनिटरची भाषा समजावणारा दुभाष्या. गोगलगाईच्या चालीनं इंटरनेटवरून तो नवा उतरवायला दीड तास गेला. फरक शून्य.

"जुनी विंडोज परत टाक ना," प्रेमदास म्हणाला.

"त्याले संध्याकाळ होईन, काका."

मधुकरराव गल्ल्यावर बसून दर पाच मिनिटांनी "हं" म्हणत होते. माणसाला शिवी दिलेली परवडते, असं "हं" परवडत नाही. अडीच वाजले. प्रेरणाला रडू येत होतं, आणि सासऱ्यांपुढे रडायचं नाही म्हणून रागही येत होता.

तेवढ्यात सासूबाई, यशोदाबाई, चहा घेऊन आल्या. काळ्या पडद्याकडे बघून हळहळल्या. "रोज सकाळी तू चालू केलं का याच्यावर आधी ते कंपनीचं नाव उमटे. मी म्हणो, उठलं बाई प्रेरणाचं लेकरू."

प्रेरणानं कप तसाच खाली ठेवला. लॅपटॉप सुरू करताना कंपनीचं नाव उमटतं ते विंडोज जागी होण्याच्या आधी! ते दोन्हीकडे दिसायचं. तिनं लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला आणि मोठ्या पडद्याकडे बघत राहिली. लॅपटॉपवर नाव उमटलं. मोठ्या पडद्यावर काही नाही.

विंडोज तर अजून झोपेतच होती. मग ती गुन्हेगार कशी? कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, आणि सकाळपासून सगळे कावळ्याला धोपटत होते. त्यात ती स्वतःही.

आता तिला आठवलं, वायरीचा एक स्क्रू सकाळपासून धरतच नव्हता. आटे झिजले असतील म्हणून तिनं सोडून दिलं होतं. तिनं लॅपटॉप बंद केला, वायर काढली आणि टॉर्च मारली. वायर जिथं बसते त्या पंधरा बारीक भोकांच्या खोबणीवर लालसर पापुद्रा वाळला होता, आणि एका भोकात काहीतरी पांढरं रुतलं होतं.

"मामाजी," ती अगदी गोड आवाजात म्हणाली, "खंडेनवमीले मशिनींची पूजा तुमीच केली ना?"

"मंग? सगळ्या वायरी काढून, पुसून, विधिवत केली. एकेका मशिनीच्या तोंडाले कुंकू लावलं, अक्षता लावल्या."

"याचं तोंड कोणतं?"

"जिथून तो मोठा पडदा बोलते, ते," मधुकरराव म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांचा आवाज बसला.

"अक्षता कुठल्या?" यशोदाबाईंनी कपाळावर हात मारला. "तांदूळ सरले होते. मी कण्याच भिजवून देल्ल्या. अख्खा तांदूळ त्या भोकात कुठं गेला असता?"

प्रेरणानं पदराची पिन काढली. श्वास रोखून, भोकाच्या कडेला धक्का न लावता, तिनं ती कणी उकरली. कोरड्या ब्रशनं कुंकू झाडलं. वायर आत बसली, खट्. स्क्रू दोन्ही धरले. तिनं बटण दाबलं.

मोठ्या पडद्यावर कंपनीचं नाव उमटलं.

"उठलं बाई!" यशोदाबाई ओरडल्या. प्रेमदासनं टाळ्या पिटल्या. प्रेरणा मात्र खुर्चीत बसून खदखदा हसली, डोळे पुसत हसली. मग ती कणी तळहातावर घेऊन गल्ल्यापाशी गेली आणि सासऱ्यांपुढे ठेवली. मधुकररावांनी कणीकडे पाहिलं, आणि दिवसभरात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून "हं" निघालं नाही.

चारला दोन जीपा आल्या. रूपराव, त्यांची म्हातारी आई रुख्माबाई आणि मागून तेरा माणसं. पत्रिका पडद्यावर झळकली. रुख्माबाई चष्मा सावरून एकेक नाव मोठ्यानं वाचत गेल्या आणि खानदान माना डोलवत राहिलं.

"थांबा," मधुकरराव मध्येच म्हणाले. ते उठून टेबलापाशी आले. "प्रेरणा, खाली मुद्रक म्हणून मायं नाव हाय ना? त्याच्या वर एक ओळ टाक. रचना. आन् तुयं नाव."

तिनं ते टाइप केलं. पडदा मोठा होता, सगळ्यांना दिसलं.

रुख्माबाई वाचत वाचत तळाशी आल्या. "रचना, सौ. प्रेरणा... हे कोण होय बापा? आमच्यात तर कोणी प्रेरणा नाई."

"तुमच्यात नाई," मधुकरराव छाती काढून म्हणाले, "ते माही सून होय. आमचा प्रेस तेच चालवते."