बदलीचा माणूस

सुकापूरला आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक खोली आहे, तिथे दर गुरुवारी दुपारी आम्ही सात-आठ जणी जमतो. सगळ्यांचे नवरे फौजेत आहेत किंवा होते. बाहेरून बघणाऱ्याला ती भिशी वाटते, आणि चहा-चिवडा भिशीइतकाच होतोही. पण त्या खोलीत फॉर्म भरले जातात, कुणाचं कॅन्टीनचं कार्ड कुठे अडलंय ते बघितलं जातं, आणि एखादी नवी मुलगी नवऱ्याच्या पहिल्या फील्ड पोस्टिंगनंतर रडत आली तर तिला पोटभर रडू दिलं जातं. बावीस वर्षं हे सगळं अंगावरून गेलेलं, म्हणून शिकवण्याचा मान माझा. तशी मी कधी शाळेत शिकवलेलं नाही. पण लग्नानंतर ह्यांचं पहिलं पत्र आलं, ते मी शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलं, आणि तेव्हापासून हे मला मास्तरीणबाई म्हणायला लागले.

मी सगळ्यांना दोन गोष्टी शिकवते. पहिली, फोनवर काळजी द्यायची नाही. सासू पडली, मूल तापलं, छत गळलं, काहीही होवो. तिकडे बर्फात उभ्या असलेल्या माणसाला आपण एवढंच सांगायचं, की इकडे सगळं ठीक आहे, काळजी करू नका. त्या वाक्याखाली काय काय दडपलेलं असतं ते आमचं आम्हाला ठाऊक. दुसरी गोष्ट, माणूस रिटायर होऊन आला की घाई करायची नाही. बदलीच्या वेळी माणूस आधी पोचतो आणि सामान मागाहून मालगाडीने येतं, तसंच मनाचं असतं, येईल मागून.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर हे कायमचे घरी आले आणि माझीच शिकवण माझ्या गळ्यात पडली.

आमचे सुभेदार विनायक म्हणजे सुट्टीवर आले की घर डोक्यावर घेणारा माणूस. आल्या दिवशी बूट एकीकडे, बनियन दुसरीकडे, आणि जेवताना तासभर वरच्या चौकीच्या गोष्टी. एकदा बर्फामुळे बदलीची तुकडी वर पोचलीच नाही, तेव्हा हे अकरा दिवस जास्त उभे राहिले होते. बदलीचा माणूस येऊन शेजारी उभा राहिल्याशिवाय जागा सोडायची नसते, हे वाक्य ते इतक्यांदा सांगत, की आमची आभा लहानपणी बाथरूमच्या दाराशीही तेच म्हणायची.

आता घरी आलेला माणूस मात्र सात मिनिटांत जेवायचा. पहाटे उठून दिवाणावरच्या चादरीची चौकोनी घडी घालायचा, बाल्कनीतल्या खुर्चीवर ताठ बसून नेऱ्याकडच्या डोंगरांकडे बघत राहायचा, आणि फ्रिज उघडण्याआधी मला विचारायचा. वागण्यात कुठे नाव ठेवायला जागा नव्हती. मी वाट बघत होते ती एकाच शब्दाची, आणि मास्तरीणबाई काही त्याच्या तोंडून येत नव्हतं. मी त्याची नीता होते, सकाळी नीता आणि संध्याकाळीही नीता. पुण्याला कॉलेजात असलेली आभा दोन दिवस राहून गेली, तेव्हा जाताना एवढंच म्हणाली, की बाबा पाहुण्यासारखे का राहतात. मी तिला मालगाडीचं सांगितलं.

हॉलमधला जुना फोन काढून टाकायचं राहून गेलं होतं. चौकीवरून ह्यांचा फोन त्याच्यावरच यायचा, दर रविवारी सकाळी सव्वाअकराला, मोजून पाच मिनिटं. बोलणं उपग्रहावरून यायचं, त्यामुळे प्रत्येक वाक्यानंतर एका श्वासाइतकी शांतता. फेब्रुवारीतल्या एका रविवारी, सव्वाअकराला, तो वाजला. मी कणीक मळत होते, तशाच हातांनी उचलला. आधी ती शांतता आली आणि मग आवाज.

"मास्तरीणबाई, कशा आहात?"

बाल्कनीत हे माझ्याकडे पाठ करून कुंड्यांना पाणी घालत होते. मानेवरचा तीळ मला इथून दिसत होता. फोनवर ह्यांचाच आवाज सिलिंडर आला का विचारत होता, माझ्या गुडघ्याचं विचारत होता, आणि वर बर्फ अजून वितळला नाही, बदलीच्या माणसाचा पत्ता नाही, असं सांगून हसत होता. मी ओरडायला हवं होतं. बावीस वर्षांची सवय तोंडात बसलेली, मी म्हटलं, "इकडे सगळं ठीक आहे. काळजी करू नका."

पुढच्या रविवारीही फोन आला, आणि त्याच्या पुढच्याही. कुणी थट्टा करत असेल असं पहिल्या दोन खेपांना मनाला समजावलं, पण लाल शाईच्या पत्रात नेमक्या किती चुका होत्या हे आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक असणार? मी विचारलं, आणि एका श्वासाच्या शांततेनंतर उत्तर आलं, चौदा. तोच प्रश्न संध्याकाळी घरात विचारला. ह्यांनी बराच वेळ विचार केला, खरंच मनापासून केला, आणि आठवत नाही म्हणून माफी मागितली.

त्यानंतर मी रविवारची वाट बघू लागले. लाज वाटते सांगायला, पण नवरा घरात असताना मी नवऱ्यासाठी झुरत होते. शनिवारी केस धुवायचे, रविवारी हे अकरा वाजता पनवेलच्या बाजारात जातील अशी कामं काढायचे आणि स्वतः लवकर मासळी घेऊन घरी पळायचे. नाक्यावरची चंद्रावती पापलेट कापता कापता एकदा म्हणाली, "मानूस घरी हाय ना तुझा? मंग वाट कोनाची बघतेस?" मी पिशवी घेतली आणि सुटे पैसे न घेताच निघाले.

गुरुवारच्या खोलीत ऋचा नावाची एक मुलगी येते. तिचा अपूर्व पहिल्यांदाच फील्डवर गेलेला, आणि इकडे तिचं तीन महिन्यांचं पोट पडलं. फोनवर सांगू नकोस, असं मीच तिला बजावलं होतं. मार्चमध्ये ती आली आणि सांगायला लागली की तिने सगळं सांगून टाकलं. दोघंही रडली, आणि फोन ठेवताना तो म्हणाला, बरं केलंस, नाहीतर मी घरी आल्यावर कुणा दुसरीलाच भेटलो असतो. खोलीतल्या बायका माझ्याकडे बघत होत्या. मी चहा गाळत राहिले, आणि मनाशी ठरवलं की येत्या रविवारी फोनवरच्या त्याला सांगायचं. तुम्ही तर कधीच खाली आला आहात, घरात आहात, एवढंच.

त्या रविवारी ह्यांनी बाजारात जायला नकार दिला. पहिल्यांदाच. डोकं दुखतंय म्हणाले आणि चहा करायला स्वयंपाकघरात गेले. सव्वाअकराला फोन वाजला. मी सांगणारच होते, शब्द ओठांवर होते, तेवढ्यात आतून चमचा पडल्याचा आवाज आला आणि फोनवरचं हसू थांबलं.

"घरात कुणी आहे का?"

नेहमीची शांतता या वेळी मला फार लांब वाटली. हो म्हटलं असतं तर तो आवाज पुन्हा आला नसता, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण पक्कं ठाऊक होतं.

"कोणी नाही," मी म्हटलं. "मी एकटीच आहे."

वळून बघते तर हे दारात दोन कप घेऊन उभे. एक कप त्यांनी माझ्यापुढे ठेवला, दुसरा तसाच नेऊन मोरीत ओतला, विसळला आणि पालथा घातला. रागाचा मागमूसही चेहऱ्यावर नव्हता, आणि तो असता तर मी पाय धरले असते.

सोमवारी त्यांनी माळ्यावरची काळी पेटी उतरवली. तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव, नंबर आणि 'सुकापूर, पनवेल' असं लिहिलेलं. पत्त्यावर त्यांनी काळा रंग फिरवला आणि पेटी वाळायला दोन दिवस बाल्कनीत ठेवली. कुठे निघालात, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तो फार दिवस उभा आहे गं वर. कुणीतरी जायला हवं." थांबा, हा एकच शब्द म्हणायचा होता. मी तो घशात धरून ठेवला, कारण त्या घटकेलाही माझ्या कानात मास्तरीणबाईच होतं.

गुरुवारी मी खोलीतून वर आले तेव्हा दिवाणावर चादरीची चौकोनी घडी होती आणि बाल्कनीत, कुंड्यांच्या पाण्याने ओल्या झालेल्या फरशीवर, पेटीएवढा कोरडा चौकोन. वॉचमन म्हणाला, साहेब ड्युटीवर गेले, मला सलाम करून गेले.

त्या रविवारी फोन वाजला नाही. सव्वाअकराला दाराची बेल वाजली.

दारात हे होते. उन्हाने रापलेले, ओठ फुटलेले, दाढी वाढलेली, हातात काळी पेटी. एक बूट दारात काढला, दुसरा हॉलमध्ये, आणि मला कवेत घेऊन म्हणाले, मास्तरीणबाई, अहो किती बारीक झालात. मी रडले, इतकी की शेजारची रुचिरा बघायला आली आणि हसून परत गेली. तिला त्यात नवल वाटण्यासारखं काहीच दिसलं नाही. तो आठवडा सोन्यासारखा गेला. तासभर जेवण, घरभर पसारा आणि अकरा दिवसांची ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. दिवाणावरच्या चादरीची घडी मात्र मी मोडली नाही.

पुढच्या रविवारी हे आंघोळीला गेले होते, आत गाणं चाललं होतं. सव्वाअकराला फोन वाजला.

मी उचलला. आधी ती एका श्वासाची शांतता, आणि मागे वाऱ्याचा आवाज. मग ओळखीचा, हळू, परवानगी मागणारा आवाज आला.

"नीता, मी पोचलो. इकडे सगळं ठीक आहे. काळजी करू नकोस."

त्या वाक्याखाली काय असतं ते मला ठाऊक आहे. माझ्याजवळ पाच मिनिटं होती, आणि त्या पाच मिनिटांत मी एक शब्दही बोलू शकले नाही. रिसीव्हर कानाशी घट्ट धरून त्याचा श्वास ऐकत राहिले, आणि तो कसा जेवत असेल, कुणाला विचारून जेवत असेल, ह्याने माझा जीव तुटत राहिला. मग लाइन कटली.

हे टॉवेलने डोकं पुसत बाहेर आले.

"कुणाचा फोन होता, मास्तरीणबाई?"

"कोणी नाही," मी म्हटलं.